नोकरी शाबूत आहे, झाडू फक्त वाढदिवसापुरता

ब्रेमेन, रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांस व सौ. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप आहे. नोकरी शाबूत आहे, पगार वेळेवर जमा होतो आणि मी ख्रिस्ती झालेलो नाही. कालच्या फोटोत झाडू माझ्याच हातात आहे आणि पायऱ्याही चर्चच्याच आहेत, पण त्यावरून आत्याने जे तर्क बांधले त्यातला एकही खरा नाही. आजीला आधी एवढं वाचून दाखवा, बाकीचं सावकाश.

ऑफिसच्या कामाने आठवडाभर ब्रेमेनला आहे, हे फोनवर सांगितलंच होतं. हॅम्बुर्गहून साध्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. महिन्याचा ६३ युरोचा पास साध्या गाड्यांना देशभर चालतो, जलद गाड्यांना नाही. म्हणजे प्रवासाचा वेगळा खर्च झाला नाही. (बाबा, हे तुमच्यासाठी.)

आता त्या झाडूचं. ब्रेमेनमध्ये अशी रीत आहे की पुरुषाला तीस वर्षं पुरी झाली आणि लग्न झालेलं नसलं, तर त्याने वाढदिवशी सेंट पेट्री या इथल्या थोरल्या चर्चच्या पायऱ्या झाडायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून हे चालत आलंय. मुलगी असेल तर तिने चर्चच्या दाराच्या मुठी घासून लख्ख करायच्या. म्हणजे सुटका कोणाचीच नाही. यात प्रार्थना नाही, पाद्री नाही, आत पाऊलही टाकावं लागत नाही. समज असा की मूलबाळ न ठेवता जो गेला त्याला मेल्यावर निरर्थक कामं करावी लागतात, तर त्याची सवय आत्तापासून झालेली बरी. आजी म्हणेल, ह्यांका कोणी सांगितल्यान? पण आपल्याकडेही निपुत्रिकाच्या गतीबद्दल काय काय सांगतात ते आठवा आणि मग हसा.

कचरा मित्र पुरवतात. बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं महिनोन् महिने साठवून ठेवलेली असतात, ती बादल्या भरून पायऱ्यांवर ओततात. बूच दिसायला क्षुल्लक, जेमतेम इंचभर रुंद, पण त्याच्या कडेला २१ दाते असतात. ते झाडूच्या केसांत अडकतात, दगडांच्या सांध्यात रुतून बसतात, आणि उलटं पडलेलं बूच ओल्या दगडाला असं चिकटतं की नखाने उचकटावं लागतं. त्यात मुद्दाम असा झाडू देतात की ज्याने काही हलू नये. आपला हिरांचा खराटा असता तर अर्ध्या वेळात अंगण मोकळं केलं असतं. खालून वर झाडायला गेलात तर सगळं घरंगळत परत पायाशी येतं, म्हणून वरच्या पायरीपासून एकेक पायरी उतरत यायचं आणि ढीग लगेच पोत्यात भरायचा. ढीग उघडा राहिला की मित्र लाथ मारून पुन्हा पसरवतात. त्यांचं कामच ते. अंगावर चित्रविचित्र कपडे चढवलेले असतात, बाजूला कोणी हाताने फिरवायची पेटी वाजवतं, येणारेजाणारे थांबून बघतात. शेवटी सगळी बुचं उचलून, जागा साफ करूनच निघायचं, ही जबाबदारीही त्यांचीच. ती त्यांनी पाळली, नाहीतर मीच पाळली असती.

सुटका कशी होते ते सांगायचं टाळत होतो, पण आत्या कुठूनतरी शोधून काढीलच. कोणीतरी मुलीने येऊन मुका घ्यायचा, मग झाडू खाली. माझ्या बाबतीत गालावर, चारचौघांत, पाच सेकंदांत आटोपलं. थंडीची काळजी नको. लोकरी टोपी, हातमोजे आणि आत आईने दिलेली स्वेटर होती, फोटोत वरचा विदूषकी कोट दिसतो म्हणून तुम्हाला ती दिसली नाही. प्याला हातात दिसतो त्यात सफरचंदाचा गरम रस आहे. विश्वास ठेवा.

गाव बघण्यासारखं आहे. चौकात रोलांडचा उंच दगडी पुतळा १४०४ सालापासून उभा आहे, शेजारची नगरपालिकेची इमारत त्याच सुमाराची. दोन्ही मिळून २००४ साली जागतिक वारशात गेली. बाकीचं फोटोंत आहेच.

आई, तू शुक्रवारी रात्री बारा वाजता फोन केलास तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात होते आणि माझा वाढदिवस लागायचा होता. इथे आदल्या दिवशी शुभेच्छा देणं अपशकुनाचं मानतात, टेबलावरची मंडळी एकदम गप्प झाली. मला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पण पुढच्या वर्षी आपल्याकडचे पहाटेचे साडेचार वाजून गेले की कर, तू तशीही पाचच्या आत उठतेस. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, २९ मार्चला इथली घड्याळं पुढे सरकली की साडेतीन होईल.

औक्षणाचंही तसंच. फोन भिंतीला टेकवून ठेव आणि निरांजन कॅमेऱ्यापासून दोन हात लांबूनच ओवाळ. ज्योत जवळ आली की कॅमेरा तिच्याच उजेडाने दिपतो आणि तुझं तोंड काळं पडतं. काल मला ज्योत आणि तुझ्या बांगड्या दिसल्या, तू नाहीस. मी इकडे काही पेटवलं नाही. छताला धुराची घंटा आहे. साधी ज्योत तिला चालते, पण उदबत्ती, कापूर किंवा फुंकलेल्या मेणबत्त्यांचा धूर थेट तिच्याखाली गेला तर ती बोंबलते, आणि अग्निशमन दल उगीच आलं तर त्याचं बिल आपल्या माथी येऊ शकतं. केक ऑफिसात कापायचा तर खिडकी उघडून.

केकसुद्धा ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, इतरांनी नाही. हॉटेलात जेवायला बोलावलं तर बिलही त्याचंच. त्यामुळे उद्या सोमवारी मी शिरा नेतोय. राहायच्या जागेला स्वयंपाकघर आहे. प्रमाण लिहून ठेवतो, मंगेशचा धाकटा एप्रिलमध्ये इकडे येतोय त्याला उपयोगी पडेल. दुकानात दोन तऱ्हेचा रवा मिळतो. पुडक्यावर ‘वाइश’ लिहिलेला घेऊ नये, तो मऊ गव्हाचा, त्याची खळ होते. ‘हार्ट’ लिहिलेला घ्यावा. २५० ग्रॅम रवा, १५० ग्रॅम तूप, २५० ग्रॅम साखर, अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर पाणी, दोन पिकलेली केळी, वेलची. तूप ‘बुटरश्माल्त्स’ नावाने डब्यात मिळतं. नाही मिळालं तर लोण्याचं २५० ग्रॅमचं पुडकं मंद आचेवर कढवलं की दोनशे ग्रॅमच्या जवळपास तूप निघतं. रवा तुपावर गुलाबी होईपर्यंत भाजायचा आणि दूध-पाणी उकळतं घालायचं, गार घातलं की गुठळ्या. साखर रवा फुलल्यावरच, आधी घातली तर रवा कच्चा राहतो. आणि मुख्य म्हणजे इथल्या काचेच्या शेगडीचं बटण बंद केलं तरी ती बराच वेळ तापलेली राहते. रवा करपतो तो तिथेच. बटण नाही, पातेलं बाजूला करायचं.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. वजन कमी झालेलं नाही, कोट काळा आहे म्हणून तसं दिसतं. एकटा नसतो. शिमग्याला येणं होत नाही. पालखी अंगणात येईल तेव्हा माझ्या वाटचा नारळ बाबांनी द्यावा आणि गाऱ्हाण्यात माझं नाव घ्यायला सांगावं. येत्या रविवारी महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जाल तेव्हा गर्दीत आजीला नेऊ नका, सकाळी लवकर दर्शन उरकून या. रजा मी गणपतीसाठी राखून ठेवली आहे. यंदा १४ सप्टेंबरला गणपती. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा जुलैच्या मध्याला पहिल्याच सकाळी मुंबई-कणकवली तिकीट काढायला मंगेशला सांगून ठेवा, दुपारपर्यंत काही उरत नाही.

पैशांचं. मांगराच्या कौलांसाठी आणि बागेच्या फवारणीसाठी मिळून दोन लाख पाठवले आहेत. इथे शनिवार-रविवार आल्यामुळे मंगळवार-बुधवारपर्यंत खात्यात दिसतील. बाबा, सोसायटीचा हप्ता यातूनच भरा, तुमच्या ठेवीला हात लावू नका. मागच्या महिन्यात कमी आले कारण हॅम्बुर्गच्या खोलीची अनामत भरायची होती, दुसरं काही नाही. मी काही लपवत नाही.

आणि वेंगुर्ल्याचं स्थळ. पत्रिका जुळते हे वाचलं, मुलगी चांगली आहे हेही मान्य. आजीचं ‘झिला, आता तरी सुनेचा तोंड दाखय’ हेही ऐकलं. पण त्यांना अजून होकार कळवू नका. नकारही नको, एवढ्यात काही बोलूच नका. काल पायऱ्यांवरून मला जिने सोडवलं ती ऑफिसातलीच आहे, पुण्याची, मराठीच. एवढ्यावरून काही ठरवू नका, अजून ठरवण्यासारखं काही नाही, आणि आत्याला तर मुळीच सांगू नका. आई, तू रागावशील म्हणून फोनवर बोललो नाही. पत्रात लिहायला सोपं जातं. बुधवारी रात्री तुमच्या साडेनवाला फोन करतो, तेव्हा बाबांनाही जवळ बसव.

आजीला आणि ताईला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

तुमचा,
बाळा

ता.क. पैसे येईपर्यंत फवारणी थांबवू नका. मोहोरावर तुडतुडे दिसतायत म्हणालात, तर औषध दुकानातून उधारीवर उचला, मी आलेल्या पैशातून बुधवारीच चुकते करायला सांगतो.