सेंधव्याचा खजिना, चिमठाण्याचा खजिना

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळ्या झेलणारे शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सोबती आणि डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेले काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन, एवढ्यावर खान्देशचा स्वातंत्र्यलढा सरकारी भाषणांतून बहुधा आटोपतो. या दोन्हींचा आम्हाला अभिमानच आहे. गाऱ्हाणे आहे ते सातपुड्यातील आदिवासींच्या दुर्लक्षित लढ्याचे.

१४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हस्तगत केली. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, डॉ. उत्तमराव पाटील ही नावे आपण आदराने घेतो, आणि ते योग्यच आहे. मात्र १८५७ मध्ये सेंधवा घाटाच्या परिसरात असाच खजिना लुटणारे खाज्या नाईक बंडखोर भिल्ल एवढ्याच ओळखीवर राहिले. ज्या घाटाच्या राखणीसाठी इंग्रजांनी त्यांना चाकरीला ठेवले होते, तिथेच ते इंग्रजांवर उलटले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्यांचे भिल्ल साथीदार ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी समोरासमोर लढले. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या हाती गेल्यापासून डोंगरातली ही धग विझलेली नव्हती. ती आटोक्यात आणण्यासाठीच १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी करावी लागली. पण हे सारे नोंदवले ते बंदोबस्त करणाऱ्या अधिकाऱ्यांनी. त्यांच्या नजरेतून लिहिलेला १८८० चा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, आजही आम्ही हाताशी धरतो, याचे नवल आणि थोडी लाजही वाटते.

तळोदा तालुक्यातील रावलापाणीची कहाणी तर जिवंत आठवणीच्या टप्प्यातली आहे. गुलाम महाराजांनी दारूबंदीचा व सदाचाराचा मंत्र दिलेल्या आणि पुढे रामदास महाराजांच्या मागे उभ्या राहिलेल्या आदिवासींवर २ मार्च १९४३ रोजी तिथे गोळीबार झाला. खडकावरच्या गोळ्यांच्या खुणा गावकरी आजही दाखवतात.

आपल्या खात्याकडे पुरातत्त्व, पुराभिलेख आणि दर्शनिका (गॅझेटिअर) असे तिन्ही विभाग आहेत. त्यांनी मिळून पोलीस व महसुली दप्तरातील कागद तपासावेत, पाड्यापाड्यांतून वृद्धांच्या मुलाखती भिलोरी, पावरी या त्यांच्याच बोलींत ध्वनिमुद्रित कराव्यात आणि दोन्ही पडताळून आंबापाणी व रावलापाणी येथील मृतांची यादी प्रसिद्ध करावी. खडकाच्या जतनाचा निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा. तिथे आधी ठेकेदार, सिमेंटचा चौथरा आणि ऑइलपेंट पोहोचू नये, एवढी काळजी कृपया आपण जातीने घ्यावी. मुलाखतींचे काम मात्र याच वर्षी हाती घ्यावे, कारण रावलापाणीच्या त्या दिवसाविषयी घरात थेट ऐकलेली पिढीही आता वार्धक्यात आहे.

आपला विश्वासू,
शहादा तालुक्यातील एक निवृत्त इतिहास शिक्षक