सुमास पत्र: एक कादंबरी आणि एक खरी हकीकत

प्रिय सुमा,

हल्ली काय वाचतेस, असं तू विचारलंस. आणि त्याच दमात हेही म्हणालीस, की तुला आता कादंबऱ्या वाचवत नाहीत, काही खरं घडलेलं असेल तरच सांग. हे दुसरं वाक्य माझ्या मनातून जाईना. फोनवर त्याचं नीट उत्तर देता आलं नसतं, म्हणून हे लांबलचक पत्र.

सध्या दोन पुस्तकं आलटून पालटून वाचते आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी, आणि गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, म्हणजे तुला हवी तशी खरी हकीकत. जोडीने वाचायची असं काही ठरवलं नव्हतं. पण आता एकाविषयी बोलायला लागले की दुसरं मध्ये येतंच. दोन्हीकडे एक माणूस आपापल्या कारणाने प्रवासाला निघालेला आहे आणि लढाई त्याच्या वाटेत येते.

आधी भटजी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली म्हणून हा तिशीच्या आसपासचा माणूस काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. साल १८५७! इंदूरजवळच्या महूच्या बाजूला शिपाई भेटतात, काडतुसांची गोष्ट सांगतात, लवकरच बंड होणार म्हणतात. तरी हे दोघे पुढे जातात. त्यांना इतिहासाशी काही कर्तव्य नाही. दक्षिणा किती मिळाली, जेवणाची सोय कशी झाली, कुणी लुटलं, जवळ काय उरलं, हे सगळं ते लिहितात. आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर फार विश्वास बसतो. ज्याला काहीही सिद्ध करायचं नाही असा साक्षीदार क्वचित मिळतो.

१८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा हे गावातच अडकले होते. झाशी पडल्यानंतरची लूट त्यांनी सांगितली आहे ती अंगावर येते. आधी सोनं-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड, धान्य, अशी जणू पाळीपाळीने लूट. माणसं मारली गेली त्याचं वर्णन मी इथे लिहीत नाही, ते तू त्यांच्याच शब्दांत वाच. माझं पाऊल अडकलं ते झाशीच्या ग्रंथालयापाशी. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या, कापडी बासनांत बांधून जपलेल्या. सैनिकांना हवं होतं ते कापड. बासनं सोडून घेतली आणि आतली पानं बाहेर भिरकावून दिली. एवढी माणसं मेलेली पाहून आलेला हा माणूस त्या पानांसाठीही हळहळतो. त्या दोन दुःखांची तो तुलना करत नाही, लहानमोठं ठरवत नाही. जसं दिसलं, जसं लागलं, तसं एकामागून एक सांगत जातो. मला वाटतं, दुःख असंच येत असावं, एकामागून एक, क्रम न लावता.

आणि पुढे काळपीकडच्या वाटेवरची ती विहीर. लढाईतून आलेली झाशीची राणी, पुरुषी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती नको म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. स्वतः पोहरा ओढून ओंजळीने पाणी पिते आणि म्हणते, मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला हा उद्योग करायची काय गरज होती? पुतळ्यांतून आणि पाठ्यपुस्तकांतून आपल्याला भेटलेली लक्ष्मीबाई मी या एका प्रसंगापुढे पार विसरून गेले. तिच्या तोंडी शिधा किती लागतो त्याचा हिशेब आहे!

एक मात्र बघ. हे पुस्तक घेशील तेव्हा कोणतं घेतेस याकडे लक्ष दे. चिंतामणराव वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं १९०७ साली, भटजींच्या पश्चात, आणि भाषेवर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली आवृत्ती वेगळी आहे. तुला जमलं तर मूळचीच वाच. सुरुवातीला वाचायला जड जाते, पण त्यात माणसाचा आवाज ऐकू येतो.

आता ‘रणांगण’. तू म्हणशील, ही तर कादंबरी. थांब जरा.

युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट. बोटीवर युरोप सोडून घरी परतणारे हिंदी लोक आहेत आणि जर्मनीतून हाकललेले ज्यू आहेत. चक्रधर विध्वंस नावाचा नायक आपली गोष्ट सांगतो. जुन्या प्रेमाने पोळलेला, बायकांविषयी कडवट झालेला, कशातही न गुंतण्याची प्रतिज्ञा केल्यासारखा वागणारा. त्याला त्या ज्यूंपैकी हॅर्टा भेटते. प्रवास थोड्या दिवसांचा, मुंबई आली की तो उतरणार आणि तिला उतरायची परवानगीच नाही. सगळी कादंबरी त्या थोड्या दिवसांत आहे. गप्पा, जेवणं, खेळ, हेवेदावे, हिंदी प्रवाशांची आपापसांतली कुजबुज. बंदुकीचा एक आवाज नाही, तरी नाव ‘रणांगण’. तीनचार प्रकरणं झाली की ते नाव का, हे आपोआप कळतं.

ही कादंबरी आली १९३९ साली. तीच तारीख माझ्या डोक्यात घोळते आहे. भटजींनी आपली हकीकत लिहिली ती जवळजवळ पंचवीस वर्षांनी, सगळा शेवट माहीत असताना, आठवणीतून. आणि बेडेकरांनी ही ‘काल्पनिक’ गोष्ट लिहिली तेव्हा पुढे ज्यूंचं काय होणार हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण हॅर्टाचं वाक्य वाचतो तेव्हा आपल्याला पुढचं माहीत असतं आणि लिहिणाऱ्याला नसतं. मग सुमा, यातलं खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं? मला तर कादंबरीच त्या दिवसांचा पुरावा वाटायला लागली आहे. त्या वेळी एखाद्या सुशिक्षित मराठी माणसाला काय दिसत होतं, काय टोचत होतं, याचा इतका ताजा पुरावा दुसरा कुठे मिळणार?

खात्री करून घ्यावी म्हणून त्या काळाविषयी इतर वाचनही केलं. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश निर्वासितांचा प्रश्न सोडवायला जमले आणि बहुतेकांनी आपली दारं बंदच ठेवली. मे १९३९ मध्ये हॅम्बुर्गहून ‘सेंट लुईस’ ही बोट ९३७ प्रवासी, बहुतेक ज्यू, घेऊन क्यूबातल्या हवानाला गेली. जेमतेम तिसेक जणांना उतरू दिलं, अमेरिकेनेही घेतलं नाही, आणि बोट युरोपात परत आली. त्यांतले २५४ जण पुढे मारले गेले. शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून हजारो जण तिकडे गेले. हे आकडे वाचले आणि मग पुन्हा कादंबरीकडे वळले. आकड्यांनी मला परिस्थिती कळली. पण आपण उतरणार आणि ती उतरू शकणार नाही, हे मनात ठेवून एखाद्या माणसाबरोबर रोज जेवायला बसणं म्हणजे काय, ते चक्रधरने सांगितलं. भटजीही ते सांगू शकले नसते. ते भीती सांगतात, भूक सांगतात, पण मनाच्या आत शिरत नाहीत. त्यांच्या काळी तशी रीतच नव्हती.

म्हणून म्हणते, कादंबरी अशी सोडून देऊ नकोस.

याच्यानंतर बेडेकरांचं आत्मचरित्र, ‘एक झाड आणि दोन पक्षी’, काढून ठेवलं आहे. आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंचा, म्हणजे विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह पुन्हा एकदा. एकाच घरातली ही दोन माणसं किती वेगवेगळं धाडस करत होती! त्याबद्दल वाचून झाल्यावर लिहीन.

‘रणांगण’ची माझी प्रत तुला पाठवते आहे. समासात पेन्सिलीने लिहिलं आहे, ते आधी वाचू नकोस. शेवटाकडे हॅर्टाची पत्रं येतात, ती एका बैठकीत वाच, आणि त्या वेळी घरात कुणी बोलायला नसेल असं बघ. शेवट मी सांगणार नाही. पण एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवते. चक्रधरचं तिच्यावर प्रेम होतं, की तिची दया येत होती, की स्वतःच्या जुन्या जखमेवर तो औषध शोधत होता? माझ्या मते प्रेमच होतं, आणि ते त्याला उशिरा कळलं. तुझं मत वेगळं निघालं तर लगेच कळव, मला त्यावर भांडायचं आहे.

तुझी,
नीला