प्लाय टाकायच्या आधी वाच

बाळा,

काल "आई, नुसता गंज आहे, तू कशाला टेन्शन घेतेस" म्हणून फोन ठेवलास, तेव्हापासून तू पाठवलेले गाडीच्या तळाच्या पत्र्याचे फोटो मोठे करकरून बघतेय. मधला भाग ठीक आहे, वरवरचा लाल गंज, वायर ब्रशने निघेल. पण चाकाच्या कमानीजवळ रंगाला फुगे आलेत ना, तिथला मला भरवसा नाही. हातोडीने हलकं ठोकत जा, चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला बद बद करतो, आबांना तर मान वर न करता नुसत्या आवाजावरून कळायचं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत गेलं तर तेवढं कापायलाच लागणार, आणि भोकापुरतं नाही, चकाकता पत्रा लागेपर्यंत.

फोटोच्या कोपऱ्यात तुझं पुठ्ठ्याचं माप दिसलं. पॅचचे कोपरे गोल ठेवलेस. कुणी शिकवलं रे तुला? टोकदार कोपऱ्यातून पत्रा पुढे फाटत जातो हे भल्याभल्यांना माहीत नसतं. सुमीला पण दाखवला मी तो फोटो.

पण म्हणजे वेल्डिंग तूच करणार. बाळा, तू उभा वर असतोस आणि पत्र्याच्या खाली टाकी, डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप, वायरी, यातलं वरून काही दिसत नाही. आधी खाली आडवा होऊन बघ. बॅटरी सोड, जुनं इन्सुलेशन सगळं उचल, पाइप हलवता येत नसेल तर ते काम सरळ गॅरेजवाल्याला दे. आणि खाली एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन बसलाच पाहिजे, काम संपल्यावरही अर्धा तास तरी. एकट्याने नाही करायचं. पत्र्यावर जस्त असेल तर ते घासून काढ, मास्क लाव, त्या धुराने रात्री ताप भरतो. एका दमात लांब रेघ ओढलीस तर पातळ पत्रा वाकेल, म्हणून टाका मारायचा, लांब दुसऱ्या टोकाला जायचं, गार होऊ द्यायचं.

लेक्चर झालं, सॉरी. खरं तर मला रंगाबद्दलच लिहायचं होतं.

फॉस्फरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर गंजाला काळं करून धरून ठेवतं, पण सुटा गंज आधी खरवडलेला हवा, पापुद्र्यावर मारलं तर पापुद्र्यासकट निघून येतं. त्यावर इपॉक्सी चालतं का ते डब्यावर वाच, सगळ्यांचं एकमेकांशी जमत नाही. मग दोन भागवाल्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. साध्या प्रायमरवर थांबू नकोस, तो ओल आत सोडतो. सांध्यांना सीलर, मग वरचा रंग. नंतर प्लायसाठी जी भोकं पाडशील त्यांच्या कडांनाही रंग लाव आणि ड्रिलचा चुरा झाडून काढ, तो तिथेच गंजत बसतो. खालच्या पोकळ भागात मेण मारशील ते सगळं वेल्डिंग झाल्यावरच, आधी मारलंस तर ते पेट घेतं. पाणी निघायची भोकं मात्र बुजवायची नाहीत.

बघ, परत आगीवरच आले.

तू पाच वर्षांचा असशील, आबा ग्राइंडर चालवत होते आणि तू ठिणग्या झेलायला ओंजळ पुढे केलीस. मी दारात होते, माझ्या तोंडून हाकच फुटेना. आबांनी मशीन बंद केलं, तुझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, काही झालं नाही गं, रिकामी आहे ओंजळ. तू रडलास ते ठिणगी सापडली नाही म्हणून. आता तू एवढा घोडा झालास, तरी ग्राइंडर म्हटलं की मला तीच ओंजळ दिसते, त्याला मी काय करू.

आणि एक, ते पाणी मुळात आलं कुठून ते शोधलंस का? वर पाइपने पाणी सोड आणि कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसव, छताच्या खिडकीचं रबर, मागच्या दाराचं रबर, दोन्ही बघ. गळती तशीच राहिली तर प्लायखाली ओल धरून बसेल आणि वरून वर्षभर काही कळणार नाही. निघायची तारीख आठवडाभर पुढे गेली तर जाऊ दे.

वेल्डिंग कुठल्या दिवशी ते कळव, सिलिंडर घेऊन खाली मी बसते. गुडघ्याचं नको सांगूस, स्टूल आणेन. बाबांना मी सांगते, तू नको सांगूस.

आई