विहीणबाई, चॉकलेट आणि मे महिना

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर बोललोच नाही आपण, आणि आता काम पडलं म्हणून लिहितेय असं म्हणशील, तर हो, तसंच आहे. तब्येती ठीक. गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर बरी.

तर विहीणबाई. लग्नात रिटर्न गिफ्ट म्हणून त्यांना चॉकलेटचे डबे हवेत, साडेतीनशे! पेढे म्हटलं तर "पेढे कोण खातं हो आता?" त्यांच्याकडे म्हणे बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, सगळीकडे चॉकलेटच. वास्तुशांतीला चॉकलेट, सुमे! तुझे अण्णा असते तर पत्रिकाच परत पाठवली असती. माझं म्हणणं एवढंच की मे महिना, जळगाव, पारा ४४ वर आणि हॉलचा एसी फक्त स्टेजपुरता. चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे कोकोचं तूपच, चौतीस डिग्रीच्या आसपासच वितळतं, म्हणजे पंगत उठेपर्यंत डब्यात सरबत. फ्रीजमध्ये ठेवून ऐनवेळी काढावं तर त्याला घाम सुटतो, मग साखर वर येऊन पांढरा थर धरतो आणि आमच्या आत्याबाई सगळ्या हॉलला सांगणार की बुरशी आली.

इथे एक मुलगी घरी चॉकलेटं करते, तिच्याकडे गेले. तिने दोन रेट सांगितले. खरं कोको बटरवालं महाग, कंपाऊंडवालं जवळजवळ निम्म्यात, त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं म्हणून ते उन्हातही जरा तग धरतं. म्हटलं जीएसटी तर सप्टेंबर २०२५ पासून १८ चा ५ झाला ना, तर म्हणे काकू, २०२४ मध्ये कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला तेव्हा वाढवलेले रेट कोणी खाली आणले नाहीत. पोरगी हुशार आहे. वर म्हणते, कंपाऊंडच घ्या, पाहुण्यांना फरक कळत नाही.

पाहुण्यांचं सोड गं. विहीणबाई तीनदा म्हणाल्यात, "प्युअर हवं हं." आता प्युअर दिलं तर वितळणार आणि नाव माझं, कंपाऊंड दिलं तर टिकणार पण मी खोटी. लेकीला विचारलं तर "आई, चिल." आणि मला सारखी तुझी काकू आठवतेय, तुझ्या लग्नातले बेसनाचे लाडू, साजूक तूप साजूक तूप म्हणत सगळ्यांना वाढत होती आणि डालड्याचा डबा आपण दोघींनी माळ्यावर ढकलला होता. तुझ्या सासूने अजून त्या लाडवांची तारीफ थांबवली नाही ना?

आणि हो, माझ्या ऑपरेशनला तू चॉकलेट आणलंस त्यावरून झालेलं भांडण मी विसरलेले नाही. ज्याला माणूस माहीत नाही त्याने चॉकलेट द्यावं, असं मी म्हटलं होतं, आणि तू ते सगळं माझ्यासमोर बसून एकटीने खाल्लंस. माझं मत अजून तेच आहे. साडेतीनशेतल्या तीनशे लोकांना मी ओळखत नाही, त्या हिशोबाने विहीणबाई बरोबरच म्हणायच्या!

तुझ्या बदलीचं काय झालं? पोराचा रिझल्ट कळव. मोत्याचं पिल्लू ठेवलंस की दिलंस?

मंगळवारी त्या मुलीला अ‍ॅडव्हान्स द्यायचाय. त्याच्या आधी फोन कर, रात्री नऊनंतर, हे तेव्हा मॅच बघत असतात. प्युअर की कंपाऊंड एवढंच सांग, लेक्चर नको. आणि लग्नाला दोन दिवस आधी ये, माळ्यावर चढायला मला आता जमत नाही.

तुझीच,
मंगी