पोळ्या लाटायला कॉलेज कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल जे काही येतं ते मी इथे न्यू जर्सीत बसून फोनवर वाचत असते आणि दर वेळी तेच ते, जीआरई, आय-२०, एमएस, लोन, मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या, आणि कम्युनिटी कॉलेज हा शब्द चुकून आलाच तर असा की बिचाऱ्याला दुसरीकडे कुठे मिळालं नाही म्हणून तिकडे गेला. शेवटी म्हटलं लिहूनच टाकू. मी स्वतः सध्या अशाच एका कॉलेजात कलिनरीचा (म्हणजे व्यावसायिक स्वयंपाकाचा) कोर्स करतेय, वय ४६, आणि मागच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "अगं पण पोळ्या लाटायला कॉलेज कशाला?" सगळे हसले, मीही हसले, पण ते काही डोक्यातून जात नाहीये.

आधी कॉलेजबद्दल थोडं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यतः सरकारी, दोन वर्षांचं, साधारण ६० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) असोसिएट डिग्री देणारं. पहिलं सरकारी १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात निघालं, ते अजून चालू आहे आणि तिथेही कलिनरी शिकवतात. न्यू जर्सीत यांना काउंटी कॉलेज म्हणतात (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं), कायदा १९६२ चा, आत्ता अशी १८ आहेत. फीचं म्हणाल तर कॉलेज बोर्ड या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशभरातली सरासरी ट्यूशन (म्हणजे शिकवण्याचे पैसे, शिकवणी नव्हे) आणि फी अशा कॉलेजात वर्षाला ४,०५० डॉलर, राज्याच्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत त्याच राज्यातल्या मुलांना ११,६१०, आणि खाजगीत ४३,३५०. (न्यू जर्सी सरासरीपेक्षा महाग, पण ते इथे सगळ्याच बाबतीत आहे.)

आता "ढ मुलांचं कॉलेज" हे जे आपल्या लोकांच्या डोक्यात बसलंय ना, त्यांनी फक्त एनजे स्टार्स ही स्कीम बघावी. शाळेत पहिल्या १५ टक्क्यांत नंबर आला तर त्या मुलाला आपल्या काउंटीच्या कॉलेजात ट्यूशन माफ, २००४ पासून चालू आहे. रहिवासाच्या वगैरे अटी आहेत, क्रेडिट पण पुरेसे घ्यावे लागतात, पण मुद्दा असा की सरकार स्वतः टॉपर पोरांना सांगतंय बाबांनो इकडे या. आणि ती येतात. माझ्या बॅचमध्येच एक होता, १९ वर्षांचा, शाळेत गणितात पहिला वगैरे, त्याच्या आईबाबांनी घरी काय काय ऐकवलं असेल ते मला विचारायचा धीर झाला नाही. दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या हुशार मुलांची एक ऑनर सोसायटी आहे, फाय थीटा कॅप्पा, १९१८ सालापासूनची, त्याचीही मेंबरशिप त्याला मिळाली होती.

त्या मुलामुळेच मला ऑनर्स म्हणजे काय ते कळलं. मला वाटायचं ऑनर्स म्हणजे मार्क जास्त पडले की सर्टिफिकेटवर छापून येतं तसं काहीतरी. तसं नाहीये. काही क्लास मुळातच ऑनर्सचे असतात, १५-२० मुलं, लेक्चर कमी आणि चर्चा जास्त, मूळ कागदपत्रं वाचायची, लिहायचं भरपूर. आणि दुसरा प्रकार असतो ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे क्लास सगळ्यांचा तोच पण तुम्ही प्रोफेसरशी लेखी ठरवता की मी याच विषयात अमुक एक जास्तीचं काम करून दाखवीन, ते नीट झालं की ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) त्या कोर्ससमोर ऑनर्स लागतं. या पोराने कॉन्ट्रॅक्ट कशात करावं, तर आमच्या किचनच्या क्लासमध्ये! आख्खा सेमिस्टर तो आमच्या भाज्यांची सालं वजन करत होता.

हसू नका, ऐका. किचनमध्ये एपी आणि ईपी असे दोन शब्द रोज येतात, विकत आणलं ते वजन एपी आणि सोलून चिरून प्रत्यक्ष भांड्यात पडलं ते ईपी. दहा पाउंड गाजर आणली, पाउंडाला डॉलर, साल आणि टोकं काढून आठ पाउंड उरली, तर गाजर तुम्हाला सव्वा डॉलरला पडली, एकला नाही. मेनूवरची किंमत एकच्या हिशोबाने लावली की महिन्याच्या शेवटी मालक डोकं धरून बसतो. तर या मुलाने प्रत्येक टेबलाची सालं आठवडेच्या आठवडे वजन केली, कोणता चाकू, कोण चिरतंय, सेमिस्टरचा कितवा आठवडा, सगळं लिहून ठेवलं आणि शेवटी आलेख काढून दाखवलं की हात बसत गेला तसा कचरा कसा कमी होत गेला. आणि माझं टेबल पहिल्या आठवड्यात वर्गात सगळ्यात वाया घालवणारं होतं, मी, वीस वर्षं घर चालवलेली बाई! मला इतका राग आला होता त्याचा. नंतर बसून बघितलं तर बरोबर होतं, मी कांद्याचे वरचे दोन पदर सवयीने काढून टाकते, आईने शिकवलंय तसं.

तर पोळ्या लाटायला कॉलेज कशाला याचं उत्तर मी काकूंना असं देईन की काकू, फोडणीचा भात. रात्री उरलेला भात आपण कुकरमध्येच ओट्यावर ठेवतो आणि सकाळी फोडणी देतो, पिढ्यान्पिढ्या चाललंय. सॅनिटेशनच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात शिकवलं की तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, भात तसाच कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या करणारं विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्यावर जात नाही. कितीही खमंग फोडणी द्या. म्हणून इथे नियम असा की शिजवलेलं अन्न १३५ फॅरनहाइटवरून ७० वर दोन तासांत आलं पाहिजे आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत, तेही थर्मामीटर लावून, वहीत वेळ लिहून. मोठ्या पातेल्यातलं सूप तसंच उचलून फ्रिजमध्ये ठेवलंत तर मधला भाग तासन्तास गरमच राहतो, म्हणून पसरट ट्रेमध्ये ओतायचं किंवा बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून ढवळत बसायचं. याची परीक्षा असते, सर्व्हसेफ म्हणतात. मी पहिल्यांदा दिली तेव्हा आपल्याला सगळं येतं अशा थाटात गेले आणि काठावर पास झाले.

बाकी किचन लॅब म्हणजे काय हे लिहायला बसले तर तुमची पुरवणी भरेल. पाच तास उभं राहणं, घसरत नाहीत असे बूट, केस जाळीत, हातात अंगठी नाही (लग्नातली साधी वळ्याची चालते, आमच्याकडे तरी). कोणाच्या मागून जाताना "बिहाइंड" ओरडायचं, गरम भांडं असेल तर "हॉट", आणि गरम पॅन धरायला कोरडाच रुमाल, ओला धरला तर वाफेने हात भाजतो. बटाटा सात बाजूंचा, दोन इंच लांबीचा, छोट्या पिंपासारखा कापायचा, त्याला टुर्ने म्हणतात, मला सहा आठवडे सहाच बाजू येत होत्या. शेफ येऊन मोजतात! ब्रुन्वाझ म्हणजे एक अष्टमांश इंचाचे तुकडे, त्याला पट्टी लावतात. काकू, पट्टी.

एक गोष्ट मात्र काकूंच्या बाजूने सांगायला हवी, हा तुच्छपणा काही आपलाच नाही. अमेरिकेच्या सरकारी व्यवसायांच्या यादीतसुद्धा १९७० च्या दशकापर्यंत शेफ हा घरकाम करणाऱ्यांच्या गटात होता, अमेरिकन कलिनरी फेडरेशन या शेफ लोकांच्या संघटनेने १९७६ च्या सुमारास मागे लागून लागून तो प्रोफेशनल गटात नेला. म्हणजे साधारण पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत इथल्यांच्याही काकू असंच म्हणत असणार.

हॉस्पिटॅलिटीचं तर आपल्याकडे कोणी नावच काढत नाही, "हॉटेलात नोकरी" म्हटलं की चेहरा पडतो. आम्हाला एक सेमिस्टर डायनिंग रूम करावी लागते, कॉलेजचंच छोटं रेस्टॉरंट असतं, आठवड्यातून काही दिवस बाहेरचे लोक पैसे देऊन जेवायला येतात, आज किचनमध्ये असलेला उद्या टेबलावर. पहिल्याच दिवशी एका आजोबांच्या मांडीवर मी पाणी सांडलं. आणि हॉटेलच्या क्लासमध्ये जे गणित असतं ते आपल्या आयटीवाल्यांना आवडेल, १०० खोल्यांपैकी ७० गेल्या, सरासरी भाडं १५० डॉलर, तर प्रत्येक उपलब्ध खोलीमागे कमाई १०५, याला रेव्हपार म्हणतात आणि मॅनेजरची झोप त्याच्यावर असते, कारण काल रात्री रिकामी राहिलेली खोली आज विकता येत नाही. गुजराती मंडळींनी हे केव्हाच ओळखलं. आशियाई हॉटेलमालकांची जी संघटना आहे तिच्या म्हणण्याप्रमाणे देशातली साधारण ६० टक्के हॉटेलं तिच्या मेंबरांची आहेत. आपण त्यांच्याकडे राहायला जातो. न्यू जर्सीच्याच दक्षिणेला अटलांटिक सिटीत १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला आणि त्यापाठोपाठ तिथल्या काउंटी कॉलेजने कलिनरी अकॅडमी काढली, त्याच्यामागे हेच, एवढ्या किचनना माणसं आणणार कुठून.

सगळं गोड आहे असंही नाही, माझं ऐका म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एक, माझ्या काउंटीच्या कॉलेजात हा कोर्स नव्हता म्हणून मी शेजारच्या काउंटीत नाव घातलं आणि बाहेरच्या लोकांची जास्त फी भरली. पूर्ण एक सेमिस्टर गेल्यावर दुसऱ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं की आपल्या काउंटीत कोर्स नसेल तर चार्जबॅकचा फॉर्म भरायचा असतो, फरकाचा भार मग आपली काउंटी उचलते. ऑफिसात विचारलं तर म्हणे तुम्ही आधी विचारलं नाहीत. कसं विचारणार, शब्दच माहीत नव्हता! मागचे पैसे गेले ते गेलेच. दोन, आणि हे मुलांच्या आईवडिलांनी नीट वाचा, असोसिएट डिग्री सगळ्या सारख्या नसतात. एए (आर्ट्सची) आणि एएस (सायन्सची) असेल तर २००७ च्या कायद्याप्रमाणे राज्याच्या युनिव्हर्सिटीत क्रेडिट घेऊन पुढे जाता येतं, पण कलिनरीची डिग्री बहुतेक ठिकाणी एएएस असते, अप्लाइड म्हणून, तिला ती हमी नाही. पुढे बॅचलर करायचं डोक्यात असेल तर पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या कुठले कोर्स कुठे चालतील. आमचा तो सालंवाला मुलगा शहाणा, त्याने हॉस्पिटॅलिटी घेताना पहिल्यापासून इंग्लिश कॉम्पोझिशन, स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स असेच कोर्स जोडीला लावले. तीन, एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर आलेल्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या बायकांनी, शिकता येतं, बिनधास्त शिका, पण वर्क परमिट नसेल तर एक्स्टर्नशिपचं (कोर्सचा भाग म्हणून बाहेरच्या किचनमध्ये करायचं काम) काय करणार ते आधी कॉलेजला आणि वकिलाला विचारा.

आणि खाजगी चकचकीत कुकिंग स्कूलच्या नादी लागायच्या आधी एवढं आठवा की ल कॉर्डों ब्लू या नामांकित कुकिंग स्कूलच्या अमेरिकेतल्या सगळ्या शाखा २०१७ पर्यंत बंद झाल्या. खाजगीत शिकायला घेतलेलं कर्ज आणि लाइनवरच्या (रेस्टॉरंटच्या किचनमध्ये उभं राहून रांधणाऱ्या) कुकचा पहिला पगार हे दोन आकडे एका कागदावर लिहून बघा म्हणजे झालं.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच, पुढच्या वेळी अमेरिकेतल्या कॉलेजांचं ते फीचं कोष्टक छापाल तेव्हा सगळ्यात वर एक ओळ कम्युनिटी कॉलेजची घाला आणि एए, एएस, एएएस असे तीन वेगळे रकाने करा, एकात कोंबू नका. चार्जबॅकचं तळटीपेत चालेल.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी