मालवणच्या दादांना, चुकीचा बोर्ड घेऊ दिला नाहीत म्हणून

दादा, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, 'असूंदे रे, जेवलास काय' म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहून काढतोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण आता आमच्या तालमीतली आणि ऑफिसातली चार-पाच पोरं मला विचारायला लागलीत की सर्फिंगला पॅडलबोर्ड (उभं राहून वल्ह्यानं चालवायची फळी) घ्यायचा तर कुठला घेऊ, आणि मी त्यांना जे काय सांगतो ते सगळं तुमचं असतं, माझं त्यात काहीच नाही, तर निदान ते कुणाचं आहे हे तरी लिहिलेलं असावं.

दिवाळीनंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडं आलो तेव्हा बोर्ड जवळजवळ ठरला होता. फक्त ॲडव्हान्स पाठवायचा बाकी होता. ८ फूट लांब, २८ इंच रुंद, शेपूट निमुळती, आकारमान १०२ लिटर. फोटोत तो बोर्ड एका उंच हिरव्यागार लाटेवर होता आणि विकणाऱ्यानं सांगितलेलं की सर्फिंग म्हटलं की हाच, बाकीचे सगळे तळ्यात फिरायचे. मी तुम्हाला मोबाईलवर फोटो दाखवला, तुम्ही बोर्डाकडं बघितलंच नाही, पहिला प्रश्न विचारलात, "लाट खंयची?" मी म्हटलं, ही आपली, समोरची. मग तुम्ही मला वाळूवर नेऊन बसवलंत आणि तासभर नुसतं बघायला लावलंत.

त्या तासाबद्दल पहिले आभार. मी लहानपणापासून दर वर्षी समुद्रावर जातोय पण लाट अशी कधी बघितली नव्हती. गुडघ्याएवढी, फार तर कंबरेएवढी लाट येते, तिचा वरचा काठ तेवढा ढासळतो, फेस घरंगळत खाली येतो, मधेच फेस विरून जातो आणि लाट परत नुसता फुगवटा होऊन पुढं सरकते, आणि अगदी काठाशी येऊन कशीबशी फुटते. तुम्ही सांगितलंत की तळ हळूहळू चढत आला की लाटेचा जोर वाटेतच थोडा थोडा सांडत जातो म्हणून ती अशी मऊ, आणि तळ एकदम वर आला असता तर हीच लाट उभी राहून पुढं आपटली असती. "ही ढकलणारी लाट न्हय, ही उचलणारी," म्हणालात, "पुढं जायचा वेग तुझ्या बोर्डानं आणायचा." दादा, बोर्ड निवडायचं अर्ध काम त्या वाक्यात झालं होतं, मला कळायला दोन दिवस लागले एवढंच.

मग वजन विचारलंत. ८६ किलो. वाळूवरच काडीनं हिशोब मांडलात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जरा जड, म्हणजे १०२ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडेपर्यंत १०४-१०५ किलो पेलणार. मी ८६, बोर्ड स्वतः ७-८, पॅडल म्हणजे वल्हं, लीश म्हणजे बोर्ड अंगाला बांधायची दोरी, आणि ओले कपडे मिळून दोनेक किलो, म्हणजे ९५-९६ तिथंच गेले. राहिले किती, आठ-नऊ किलो! एवढ्यावर उभं राहता येतं पण ज्याला येतं त्याला, माझ्यासारखा नवा माणूस जरा पुढं झुकला की नाक पाण्यात आणि मागं झुकला की शेपूट पाण्यात, आणि अर्धा बुडालेला बोर्ड मऊ लाटेच्या वेगाला पोचतच नाही. तुम्ही म्हणालात की अशा लाटेला नव्या माणसानं वजनाच्या वर ४०-५० लिटर धरावेत, हात बसला की मग खाली यावं.

मला त्या क्षणी आमच्याकडचा बिंडा आठवला. आम्हाला पंचगंगेत पोहायला शिकवलं ते पाठीला पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून, कुणाला पत्र्याचा डबा, आणि थोरली माणसं पोरगं बघून बिंडा निवडायची, किरकोळ पोराला छोटा, अंगानं भरलेल्याला मोठा, आणि पोहायला यायला लागलं की एकेक फोड कमी करत जायची. हे मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एवढे खूश झालात की घरात जाऊन वहिनींना पण सांगितलंत. तेव्हापासून मी पोरांना लिटरचा हिशोब बिंड्यावरूनच सांगतो, लगेच डोक्यात शिरतो.

दुसऱ्या दिवशीचे आभार वेगळे. तुमच्याकडचे आणि तुमच्या मित्राचे मिळून तीन बोर्ड तुम्ही मला दिलेत, एक रुपया घेतला नाहीत, आणि कुठला चांगला हे शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

पहिला हवा भरून फुगवायचा, साडेदहा फुटी. उभं राहायला एकदम निवांत, लाट लांबून दिसली की चार वल्ही मारून मिळायची सुद्धा. पण मिळाली की सरळ किनाऱ्याकडंच. वळवायला गेलो की घसरायचा, कारण त्याची कड चांगली ६ इंच जाड आणि गोल, पाण्याला धरून राहायला तिला धारच नाही. फिरायला, घरच्यांना बसवायला, डिकीत टाकून न्यायला उत्तम, आणि ज्याला महिन्यातून एकदाच जायचंय त्यानं तोच घ्यावा असं माझं आजही मत आहे. दुसरा, मी घेणार होतो त्याच जातीचा, अरुंद आणि निमुळता. त्यावर दीड तासात माझी एकही लाट नाही. एकही! पाय थरथरायला लागले, लाट येईपर्यंत तोल सांभाळण्यातच दम जायचा आणि लाट आली की ती खालून निघून जायची. तुम्ही काठावरून ओरडलात, "लाटेक घाई नाय रे, तुकाच घाई आसा," आणि मग खुणेनं बाहेर बोलावलंत.

तिसरा ९ फूट २ इंच, साडेएकतीस इंच रुंद, १३७ लिटर. नाक गोलसर, शेपूट रुंद आणि चौकोनी कापलेली. त्याच्यावर काय झालं ते तुम्ही बघितलंय, पण मला ते लिहायचंच आहे. तिसऱ्या-चौथ्या लाटेला मी मागून येणारा फुगवटा बघून वल्हायला लागलो, अजून ती फुटायला आली पण नव्हती, आणि शेपटीखाली कुणीतरी हात घालून उचलावं तसं झालं. रुंद शेपूट म्हणजे काय ते मला पायाला कळलं. मग तुम्ही सांगितल्यासारखं पुढच्या पायावर वजन टाकलं, बोर्ड सुटला, लाट मधेच मऊ पडली तेव्हा मी अजून एक पाऊल पुढं सरकलो आणि एक वल्हं मारलं, तर परत वेग आला, आणि काठाशी ती पुन्हा फुटली तोपर्यंत मी तिच्यावरच होतो. दादा, मी कुस्ती खेळलोय, गुडघा दुखावल्यावर सोडावी लागली, त्यानंतर सात वर्षांत अंगाला असा आनंद झाला नव्हता. बाहेर येऊन मला बोलताच येईना आणि तुम्ही पण काही बोलला नाहीत, पाण्याची बाटली दिलीत.

संध्याकाळी पडवीत तिन्ही बोर्ड फरशीवर पालथे घालून बाजूनं बघायला शिकवलंत. नाक आणि शेपूट मधल्या भागापासून फरशीकडं किती वाकलंय तो रॉकर. जास्त वाकडा बोर्ड उभ्या लाटेवरून उतरताना नाक खुपसत नाही, पण मऊ लाटेत तोच बाक पाणी पुढं लोटत बसतो, म्हणून आपल्याला मधला भाग सपाट हवा. निमुळती शेपूट मोठ्या वेगवान लाटेत पकड देते, आपल्याकडं तो वेगच नाही तर पकडणार काय. कड पुढं जरा भरीव, मागं शेपटीकडं धारदार. आणि खूप रुंद पण नको, ३३-३४ इंच केलं की उभं राहायला सोपं पण एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात छोटी लाट संपलेली असते. हे मी वहीत लिहून घेतलं, ती वही अजून गाडीत असते. त्याच रात्री तुम्ही हवाईच्या वायकीकीचं सांगितलंत, की तिथली बीच बॉईज, म्हणजे किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी मंडळी वल्हं घेऊन उभ्यानं लाटा घ्यायची आणि तिथली लाट पण लांबलचक आणि मऊच, आणि पुढं २००० नंतर लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा या हवाईच्या सर्फरांमुळं हा खेळ जगभर गेला. मऊ लाटेला कमी समजायचं नाही हे मला तेव्हा पटलं.

पॅडलचं तर तुम्ही नसता सांगितलं तर मी कापूनच बसलो असतो. माझ्याकडचं ६ फूट ७ इंची, सरळ पाण्यात फिरायला बरोबर, पण लाटेवर गुडघे वाकवून खाली बसायचं असतं तर ते खांद्यात अडकायचं. सर्फिंगला उंचीच्या वर सहाएक इंच पुरे, म्हणजे मला सव्वासहा फूट. पण तुम्ही म्हणालात आधी कमी-जास्त होणारं वापर, महिनाभर बघ आणि मगच पक्कं कर, कापलेलं जोडता येत नाही.

आणि भरतीचा हिशोब! आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला भरती-ओहोटी म्हणजे काठावर गेल्यावर दिसेल ती. तुम्ही कॅलेंडर काढलंत आणि तिथीची पाऊणपट शिकवलीत. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, साधारण सहाला भरती पूर्ण, अमावास्या-पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, साधारण सव्वाअकराला, आणि तुमच्या बाजूला त्याच्याही थोडी आधीच. आपल्या त्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीला लाट लांब कुठंतरी फुटून सगळा फेसच येतो, पूर्ण भरतीला वरच्या चढावर धपकन आपटते, मधल्या चढत्या पाण्यातच काय ती नीट चालते. आणि सकाळी जमिनीवरून वारा असतो, पाणी गुळगुळीत, दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सगळा खडबडाट. म्हणजे सकाळी साडेसात ते दहा हवं आणि चढतं पाणी हवं, तर चतुर्दशीपासून अमावास्या-पौर्णिमेपर्यंतचा रविवार. माझ्या घरातल्या कॅलेंडरवर आता संकष्टीवर आईची खूण आणि चतुर्दशीवर माझी. उधाणाला पाणी भराभर बदलतं, तिकडं लक्ष ठेव, हे पण तुम्हीच सांगितलेलं, आणि मच्छिमार रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर त्या बाजूला बोर्ड घालायचाच नाही, त्यांचं पोट आहे, आपला खेळ. हे मी बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला गाडीतून उतरायच्या आधी सांगतो.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो ते. बोर्ड घेऊन मी कोल्हापूरला आलो, तोल बसवायला पंचगंगेत न्यायचा असं ठरवलं आणि तुम्हाला उत्साहानं फोन केला. तुम्ही आधी विचारलंत, लीश कुठं बांधणार? म्हटलं घोट्याला, तुमच्यासारखी. तुमचा आवाज एकदम बदलला. समुद्रात घोट्याला ठीक, कारण तिथं बोर्ड सुटला तर लाट तो दुसऱ्याच्या अंगावर नेते. पण वाहत्या नदीत लीश झुडपात किंवा बुडालेल्या फांदीत अडकली तर धार माणसाला आडवा करते आणि मग वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कंबरेला पट्टा आणि एका ओढीत सुटणारा हुक, नाहीतर नदीत जाऊ नको, आणि लाईफ जॅकेट घातल्याशिवाय तर नाहीच. मी दोन आठवडे थांबलो, पट्टा मागवला. पुढं एकदा खरंच लीश काठाच्या करंजाच्या मुळात अडकली, धार फार नव्हती, पण मी पाठीवर पडलो होतो आणि लीश ताणलेली होती. हुक ओढला, सुटलो. एवढंच झालं, मोठं काही नाही. घरी येऊन अर्धा तास सोप्यात बोर्डाशेजारी बसून होतो. आईला सांगितलेलं नाही, तुम्हाला पण आजच सांगतोय.

त्यासाठी आभार मानायला शब्द नाहीत असं लिहिणार होतो, पण शब्द आहेत, दादा तुमच्यामुळं मी घरी आलो.

बाकी बोर्ड मजेत आहे. गाडीवर पालथा बांधून, फिनकडची (तळाच्या माशाच्या परासारख्या पात्याकडची) बाजू पुढं करून, फोंडा घाटानं न्यायचा, पट्टा फार आवळायचा नाही, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणं चालू आहे. उन्हानं आतून फुगू नये म्हणून थांबलो की वर आजीची जुनी वाकळ टाकतो, राधानगरीला चहावाले विचारतात यात काय नेताय. जून ते सप्टेंबर बोर्ड भिंतीला, समुद्राकडं नाही, हा शब्द मी तुम्हाला दिलाय आणि तो पाळणार.

मधली मोठी फिन काढून छोटी लावून बघ असं तुम्ही म्हणाला होतात, ती लावली. लाट सुटल्यावर वळायला बराच हलका झालाय पण सरळ वल्हताना नाक आता डावीकडं जातं, ते माझ्या वल्ह्यामुळं की फिनमुळं ते मला कळत नाहीये, तुम्ही काठावरून एकदा बघा. चतुर्दशीला रविवार येतोय, शनिवारी रात्रीच पोचतो. वहिनींना सांगा गुळाची ढेप आणतोय, गुऱ्हाळावरून स्वतः उभा राहून घेतलेली, आणि तुमच्या मापाची चप्पल पण झालीय, मागच्या वेळी पडवीत तुमच्या पायाचं माप कागदावर काढून घेतलं ते त्यासाठीच होतं.

तुमचा,
कोल्हापूरचा पैलवान