मंजीला पत्र: पहाटे चारची गोळी

सांगली
बुधवार, पहाट

प्रिय मंजे,

फोनवर हे बोलता येत नाही. बाहेरच्या खोलीत सासूबाई असतात, आणि मागच्या दिवाळीआधीचं तू, मी आणि अजित सोडून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून लिहितेय. तब्येत ठीक. सहावा सरत आलाय, वजन-बीपी जागेवर, बाळ लाथा झाडतंय. झालं, तब्येतीचं संपलं.

मंजे, मला झोप येत नाही गं. दहाला डोळा लागतो, दीडला टक्क उघडतो, आणि मग एकच हिशेब सुरू होतो. दिवस राहिले तेव्हा मी थायरॉईडच्या पंच्याहत्तरच्या गोळीवर होते. आठव्या आठवड्यात टीएसएच केला (थायरॉईडची रक्ततपासणी, हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो) तर ५.१. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी शंभरची लिहून दिली. चार आठवड्यांनी २.२ आला. त्यांना अडीचच्या खाली हवा होता, तसा आला, घरच्यांच्या लेखी विषय मिटला. पण पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामालाच लागलेली नसते. पुढेही अठरा-वीस आठवड्यांपर्यंत बरीचशी भिस्त आईवरच. म्हणजे त्याला सगळं हार्मोन माझ्याकडून मिळायचं होतं, नेमकं तेव्हाच माझ्याकडे कमी होतं. दिवसा मी हे सहन करते. रात्री नाही होत. रात्री त्यात मागचंही मिसळतं.

डॉक्टरबाईंना शेवटी विचारलंच. फार शांतपणे सांगितलं त्यांनी. गरोदरपणात शरीराला हे हार्मोन जास्तच लागतं, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच, म्हणून जुना डोस अपुरा पडतो. माझा वेळेत पकडला गेला. २०१७ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासाचंही सांगितलं: टीएसएच थोडा वाढलेल्या गरोदर बायकांपैकी काहींना गोळी दिली, काहींना औषध नसलेली नुसती गोळी. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीत फरक सापडला नाही. तुमच्यासारख्या आधीपासून थायरॉईड असलेल्यांनी मात्र गोळी सोडायची नाही, हेही लगेच बजावलं. ऐकून मी गाडीत बसून रडले. बरं वाटलं म्हणून. तरी त्या रात्री दीडला डोळे उघडलेच.

आणि घरी आत्याबाई! ‘पोटुशी बाईनं एवढ्या गोळ्या खाऊ नयेत, उष्ण पडतात, तीन महिने बंद ठेव.’ मंजे, मी कधी मोठ्यांना उलटून बोलत नाही, तुला माहितेय. या वेळी बोलले. म्हटलं, आत्याबाई, ही गोळी बाहेरचं काही पोटात घालत नाही. माझ्या शरीरानं करायला हवं ते करत नाही, तेवढंच भरून काढते. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास. मग दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी त्यांनीच मेथीचे लाडू धाडले.

झोपेचं थोडं सापडलंय. सगळा दोष काळजीचा नव्हता. पडलं की नडगीच्या आत काहीतरी वळवळायचं, पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. उठून चाललं की थांबायचं, परत पडलं की सुरू. अजित पाय चेपून थकायचा. बाईंनी फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करायला लावलं, ते कमी, ११ निघालं. लोह वाढवलं, आता पाय बरेच गप्प असतात. छातीत धडधडतं म्हणून डोस जास्त तर होत नाही ना, तेही बघितलं. टीएसएच १.८, म्हणजे ते नाही. डाव्या कुशीवर झोपते, गुडघ्यांत उशी. उताणी जाग आली तर घाबरायचं नाही, कूस बदलायची, असं सांगितलंय.

पण खरी गंमत गोळीच्या वेळेची. हॉस्टेलवरचा माझा साडेपाचचा गजर आठवतोय? तू तो बादलीत बुडवायला निघाली होतीस, आणि त्यावरून आठवडाभर मेसमध्ये वेगळ्या टेबलावर जेवलो होतो. (चूक तुझीच होती, मी अजून त्यावर ठाम आहे.) आता गजर लागतच नाही. चारला बाथरूमला उठावंच लागतं, तेव्हाच बाटलीतून एक गोळी, पाण्याबरोबर. सहाच्या चहापर्यंत पोट रिकामं. लोह दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. गोळीपासून चार तास लांब, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. चहासाठी घड्याळाकडे बघत बसणं संपलं, त्यानंच अर्धी चिडचिड गेली.

तुझं काय? बदलीचं झालं का? काकूंचा गुडघा? तुमचंही ठरतंय म्हणालीस, तर आधी टीएसएच करून घे. काकूंना थायरॉईड आहे, विसरू नकोस. सगळे मला आळशी म्हणत होते तेव्हा रक्त तपासायला तूच ओढून नेलं होतंस. आता माझी पाळी.

आणि एक काम. बाळ झालं की तिसऱ्या ते पाचव्या दिवसात टाचेतून रक्त घेऊन त्याचाही टीएसएच बघायचाय. आपल्याकडे सगळीकडे आपोआप करत नाहीत, मागून घ्यावं लागतं. फाईलच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलंय, पण मी तेव्हा कोणत्या अवस्थेत असेन कोण जाणे, आणि घरी बारशाची धांदल. मला एवढी भीती का वाटते, ते तिथे अजितशिवाय कुणालाच कळणार नाही, आणि तो माझ्याहून घाबरट. तू तेव्हा सुट्टी काढ. तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. आत्ताच साहेबांना सांगून ठेव.

तुझी,
सुमी